नाटकाच्या विंगेत वाजवणाऱ्याला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी हार्मोनियम आणि की-बोर्ड वाजवतो, अडीनडीला ढोलकीही धरतो. राहायला परभणीत, कामाला संभाजीनगर, जालना, नांदेड, लातूर, जिथून बोलावणं येईल तिथे. हौशी नाटकं, एकांकिका, बालनाट्य, पथनाट्य आणि अलीकडे उत्स्फूर्त नाट्याचे, म्हणजे इम्प्रोव्हचे प्रयोग, असं सगळं वाजवत आलोय. फोनवर, तालमीत, टपरीवर चहा घेताना लोक तेच तेच विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. काही उत्तरं लांबलीत, काही दोन ओळींत उरकलीत.

नाटकात संगीतवाल्याचं काम नेमकं काय असतं?

कागदावर तीन कामं असतात. चाली बांधणं आणि पार्श्वसंगीत रचणं हे संगीत दिग्दर्शन. तयार तुकडे निवडून, कापून, जोडून नाटकाला बसवणं हे संगीत संयोजन. आणि प्रयोगात नेमक्या क्यूवर, म्हणजे ठरलेल्या इशाऱ्यावर, ते सोडणं हे ऑपरेटिंग. व्यावसायिक नाटकात या कामांना वेगवेगळी माणसं असू शकतात. आपल्याकडे तिन्ही एकाच्याच गळ्यात पडतात. वर कोरसला चाल शिकवायची, पडद्यामागून कोंबडा आरवायचा आणि विंगेत गप्पा मारत उभ्या असलेल्या पात्राला एंट्रीसाठी ढकलायचं, हेही त्याच्याच वाट्याला.

ऑर्केस्ट्रात किंवा भजनात वाजवणाऱ्याला हे सुरुवातीला जड जातं. तिथे लोक तुम्हाला ऐकायला आलेले असतात. नाटकात लोक वाक्य ऐकायला आलेले असतात, आणि तुमचा सूर त्या वाक्यावर चढला की शेवटच्या रांगेतला माणूस शेजाऱ्याला विचारतो, "काय म्हणाला ओ?" तिथे तुमची कितीही गोड मींड, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाणं, वाया गेली.

दिग्दर्शक तर शेवटच्या आठवड्यातच फोन करतात. मग काय करायचं?

करतात खरं. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी तोंडावर आली की माझा फोन सुरू होतो: "सर, शुक्रवारी प्रयोग आहे, जरा म्युझिक टाकून द्या की." १९५४ पासून ही स्पर्धा चालू आहे आणि बहुधा तेव्हापासून हा फोनही चालू असावा.

माझं उत्तर ठरलेलं आहे. संहितेच्या पहिल्या वाचनाला बोलावलं असेल तर संगीत माझं. शेवटच्या आठवड्यात बोलावलं असेल तर मी फक्त ऑपरेटर. तुम्ही आणलेले तुकडे सांगाल तिथे सोडीन, जाहिरातीत संगीत म्हणून माझं नाव टाकायचं नाही.

हा ताठा नाही. एक उदाहरण देतो. एका एकांकिकेत जमीन विकून आलेला मुलगा घरात शिरतो. दिग्दर्शकाला तिथे बासरी हवी होती, दुःखाची. मी त्या प्रवेशाच्या तालमी पाहिल्या होत्या. तो नट उंबऱ्याबाहेर चपला काढायचा, वाकून बापाच्या वहाणांशेजारी नीट लावायचा, आणि रंगमंचावरच्या त्या लाकडी लेव्हलवर, म्हणजे चौथऱ्यावर, दोन बारीक टकटक आवाज व्हायचे. बाप पाठमोरा बसलेला. तो त्या आवाजाने मान वळवायचा. बासरी आली असती तर ती टकटक बुडाली असती आणि बापाला मान वळवायला कारणच उरलं नसतं. आम्ही तिथलं संगीत काढून टाकलं. बाप "आलास?" म्हणतो त्याच्याही नंतर, तो तांब्या पुढे करतो तिथे खर्जातला एक सूर ठेवला. तालमीला न बसणाऱ्याला हे कळायला मार्गच नाही.

आणि आपल्याच लोकांनाही सांगतो: नाटक वाचा. वादक मंडळी तालमीत गाणं येईपर्यंत मोबाइल बघत बसतात. दिग्दर्शक उशिरा बोलावतो याला आपणही थोडे जबाबदार आहोत.

इम्प्रोव्ह म्हणजे काय?

संहिता नाही, पाठांतर नाही. प्रेक्षकांकडून एखादं ठिकाण, नातं, वस्तू मागून घ्यायची आणि जागेवर प्रवेश उभा करायचा. आज शहरांत जे इम्प्रोव्ह दिसतं त्याची मुळं अमेरिकेत आणि इंग्लंड-कॅनडात आहेत. व्हायोला स्पोलिन यांनी शिकागोत मुलांसोबत काम करताना नाट्यखेळ तयार केले; १९६३ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्यांचा मुलगा पॉल सिल्स सेकंड सिटी या मंडळीच्या संस्थापकांपैकी एक, ते साल १९५९. कीथ जॉनस्टन यांनी लंडनच्या रॉयल कोर्टमधला अनुभव घेऊन कॅनडात कॅलगरीला थिएटरस्पोर्ट्स सुरू केलं. मूळ नियम एकच सांगितला जातो: समोरच्याने जे मांडलं ते मोडायचं नाही, त्यात आपली भर घालायची.

हे आपल्या लोकांना झेपतं का? परभणी-हिंगोलीत कोण बघणार?

हा प्रश्न विचारणाऱ्याने गोंधळ शेवटचा कधी पाहिला, असं मी उलट विचारतो.

लग्नघरात गोंधळी येतो. दिवटी पेटते, संबळ, तुणतुणं, झांज लागतात. तुळजापूरच्या भवानीपासून माहूरच्या रेणुकेपर्यंत सगळ्या देवींना बोलावणं जातं, त्यात त्या घराचं कुलदैवत बरोबर येतं. मग आख्यान. आख्यानाची गोष्ट ठरलेली, पण साथीदार मधेच वेडगळ प्रश्न विचारतो, नायक त्याला झिडकारतो, नवरदेवाच्या मामाचं पोट त्यात येतं, सकाळी पंगतीत संपलेली बुंदी येते. यातलं काहीही लिहिलेलं नसतं. परभणीचे गोंधळमहर्षी राजारामबापू कदम यांच्या नावामुळे हा प्रकार आमच्या भागात सगळ्यांच्या परिचयाचा आहे. तमाशातली बतावणी अशीच चालते. वगाचा सांगाडा पक्का आणि संवाद उभ्या उभ्या. पैठणच्या नाथांचं भारूड करणारा तर समोर बसलेल्या पाटलाला, सरपंचाला सरळ खेळात ओढतो.

तेव्हा प्रेक्षक तयार आहे. "इम्प्रोव्ह शो" असं फलकावर लिहिलं तर मात्र कोणी येत नाही, हेही खरं. "तुम्ही विषय द्या, आम्ही नाटक करतो" असं लिहा, पोरं घेऊन येतात.

मी संबळवाल्याकडून जेवढं शिकलो तेवढं कुठल्या व्हिडिओवरून शिकलो नाही. विनोदाचा शेवटचा शब्द पडायच्या आधी त्याची काठी उचललेली असते, पण चामड्यावर पडते ती हशा फुटल्यावर. तो नायकाच्या तोंडाकडे बघत नाही, छातीकडे बघतो. श्वास भरला की वाक्य येणार, श्वास सोडला की वाजवायला जागा.

संहिताच नाही, तर संगीतवाला आधी तयारी कसली करतो?

भरपूर. उलट लिखित नाटकापेक्षा जास्त.

पहिलं, ठेके बोटांत पाहिजेत: भजनी, धुमाळी, केहरवा, दादरा, लावणीची ढोलकी, कव्वालीचा टाळीवाला केहरवा. हा शेवटचा विसरू नका. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. उरूस आणि कव्वाली इथल्या कानांना परकी नाही. संभाजीनगरच्या प्रेक्षकाला ती टाळी सुरू झाली की पुढे काय येणार ते न सांगता कळतं.

दुसरं, दृश्य तोडायची खूण. इम्प्रोव्हमध्ये प्रवेश कुठे संपवायचा हे नट ठरवू शकत नाहीत, कारण ते आत अडकलेले असतात. बाहेरून दोघांनाच दिसतं, लाइटवाल्याला आणि तुम्हाला. माझी आणि लाइटवाल्याची खूण ठरलेली असते: मी डावा हात भात्यावरून उचलला की त्याने फेडर, म्हणजे प्रकाश कमी-जास्त करायची पट्टी, खाली आणायला सुरुवात करायची. सगळ्यात मोठा हशा आला की तोडायचं. त्याच्या पुढचा हशा मिळेल या लोभात नव्वद टक्के प्रवेश पडतात. टक्का माझ्या मनाचा आहे, पण कोणत्याही नटाला विचारून बघा.

तिसरं, गाणं. कोणीतरी नट मधेच गायला लागतोच. त्याला शब्द सुचायला वेळ हवा असतो आणि तो वेळ तुम्ही द्यायचा असतो. यासाठी आपल्याकडचे साचे फार कामाचे आहेत. पोवाड्याचा "जी जी रं जी" घ्या. शाहीर एक ओळ टाकतो, झीलकरी ती झेलतात, तेवढ्यात शाहिराच्या डोक्यात पुढची ओळ तयार. गवळणीचं किंवा भारुडाचं ध्रुवपद हेच काम करतं. जात्यावरच्या ओवीची चाल दोन ओळींत वळते, त्यामुळे यमक एकदाच जुळवावं लागतं. नवख्या मुलींना मी हीच देतो. सिनेमातल्या गाण्यासारखं मुखडा-अंतरा-मुखडा करायला गेलात तर तिसऱ्या ओळीला नट उघडा पडतो.

चौथं, आवाज. पाऊस, एसटीचा ब्रेक, मोटार चालू होणं, कुत्रं, मोबाइलची रिंग. यातले निम्मे तोंडाने आणि वाद्याच्या लाकडावर निघतात. की-बोर्डमधला तयार पाऊस शोधेपर्यंत प्रवेशातलं ऊन पडलेलं असतं.

प्लेबॅक थिएटरमध्ये वादक स्टेजवर बसतो म्हणतात, ते काय?

ते इम्प्रोव्हचंच भावंड आहे. १९७५ मध्ये जोनाथन फॉक्स आणि जो सालास यांनी न्यूयॉर्क राज्यात ते सुरू केलं. प्रेक्षकातलं कोणी स्वतःच्या आयुष्यातली गोष्ट सांगतं, सूत्रधार दोन-चार प्रश्न विचारतो, आणि नट ती तिथल्या तिथे करून दाखवतात. यात वादकाची जागा रंगमंचाच्या कडेला, प्रेक्षकांच्या नजरेत, कायमची राखलेली असते. सालास स्वतः संगीतातल्या, म्हणून असेल.

सेलूच्या बाजूला एका गावात बचत गटाच्या बायकांसाठी आम्ही असा कार्यक्रम केला होता. एका मावशींनी बोअरची गोष्ट सांगितली. गाडी रात्री आली, भोवती सगळं गाव जमलं, दीर उदबत्ती घेऊन उभा. फुटामागून फूट खाली जात राहिले आणि वर नुसता फुफाटा. मावशी सांगताना रडल्या नाहीत. म्हणाल्या, "मशीन बंद झाली तवा कानात शिट्टी वाजायली होती."

नट उभे राहिले. मी पेटीचे खालचे तीन शेजारचे सूर एकत्र दाबले, म्हणजे गुरगुर आली, आणि भाता जोरात चालू ठेवला. नटांनी अंग हलवायला सुरुवात केली. फुफाटा उडाला तिथे बोटं उचलली, भाता मात्र थांबवला नाही. सूर नाही, नुसता पेटीचा श्वास ऐकू येत होता. मग तोही सोडला आणि वरच्या सप्तकातला एकच बारीक सूर धरला. मावशींनी पदर तोंडाला लावला आणि शेजारणीला म्हणाल्या, "हीच. हीच शिट्टी."

आधी बसवून हे झालं नसतं. म्हणून मी नाटकाला संगीत करणाऱ्या पोरांना सांगतो, सहा महिने इम्प्रोव्हवाल्यांसोबत बसा. तिथे तालमीला गैरहजर राहून चालतच नाही, कारण तालीम आणि प्रयोग एकच असतो.

कोणतं वाद्य शिकू? की-बोर्ड घेऊ का पेटी?

दोन्ही, पण आधी पेटी. विजेवर चालत नाही, खांद्यावर येते, मंदिराच्या ओट्यावरही चालते. की-बोर्ड घ्यायचा तर तबला, ढोलकी, बासरी असे भारतीय आवाज असलेला घ्या; दुकानदार महागडा गळ्यात मारायला बघतो, त्यातले निम्मे टोन तुम्ही कधी लावणार नाही. तालवाद्यात एक ढोलकी आणि एक हलगी असली की पथनाट्य निघालं. आंबेडकरी जलशाची परंपरा इथे घट्ट आहे. तिथल्या ढोलकीवाल्याकडे बसलात तर शब्द न दाबता वाजवणं म्हणजे काय ते लवकर कळेल.

ऑक्टोपॅड, म्हणजे काठीने वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य, मला स्वतःला नाटकात आवडत नाही. लग्नाची वरात आठवते.

नटांना सूर नसतो. पट्टी कशी धरायची?

पट्टी, म्हणजे ज्या सुराला सा मानून गायचं तो सूर, नटाची, तुमची नाही. पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्रमाने सांगायचं तर पुरुषांना साधारण काळी एक ते काळी दोनच्या आसपास, बायकांना पांढरी पाच, काळी चार, काळी पाच. पण हे गाणाऱ्यांचे आकडे झाले. न गाणाऱ्या नटाला एक वाक्य मोठ्याने म्हणायला लावा, तो ज्या सुरात बोलतो तो पेटीवर शोधा आणि तिथूनच चाल सुरू करा. पाच सुरांच्या पुढे जाऊ नका.

वारकरी घरातला पोरगा कोरसमध्ये असला की एक भानगड होते. त्याला भजनातली काळी चारची सवय. तो ऐटीत वर चढतो आणि बाकीचे गळे काढतात. त्याला मागच्या रांगेत ठेवा आणि एकट्याची एक ओळ द्या. खूश राहतो.

लाइव्ह की रेकॉर्डेड?

तालमीला पूर्ण वेळ देणारा वादक असेल तर लाइव्ह, नसेल तर रेकॉर्डेड. अर्धवट लाइव्ह वाईटच. रेकॉर्डेडला काही गोष्टी मुकाट पाळा. फायलींना नावं देऊ नका, आकडे द्या: ०१, ०२, ०३. लॅपटॉप आणि फोन विमान मोडवर. ब्लूटूथ स्पीकर कधीच नाही. आवाज कानाला कळेल इतका उशिरा येतो आणि थोबाडीत बसल्यावर "फाट्" ऐकू येतं, त्याला प्रेक्षक हसतात. तुकडे पेन ड्राइव्हवरही ठेवा आणि तो पेन ड्राइव्ह दुसऱ्याच्या खिशात असू द्या.

युवक महोत्सवात तर वेळेची कात्री असते. राष्ट्रीय पातळीच्या नियमांत एकांकिकेला ३० मिनिटं, प्रहसनाला १०. मूकाभिनयात शब्दच नसल्याने सगळा डोलारा संगीतावर, आणि तिथे हमखास रेकॉर्डेड ट्रॅक वापरतात. नट एक श्वास जास्त थांबला की ट्रॅक पुढे गेलेला. मूकाभिनयाला मी जीव तोडून लाइव्हच सुचवतो.

उन्हाळ्यात वाद्यं फार त्रास देतात. उपाय?

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. चामडं ताणतं, ढोलकी-तबल्याचा सूर चढतो. पावसाळ्यात उलट, पुडी, म्हणजे वाद्यावरचं चामडं, ओली होऊन सूर उतरतो. टेम्पोत किंवा एसटीच्या टपावर ऊन लागेल अशी वाद्यं ठेवू नका. गोधडीत गुंडाळा आणि प्रयोगाच्या तासभर आधी उघडून ठेवा, हवेशी जुळू द्या. हलगीला मात्र उन्हाळ्यातही शेक लागतो. कागद पेटवून शेकायचं ते नाट्यगृहाच्या बाहेर. आत पेटवलं म्हणून एका ठिकाणी चौकीदाराने आम्हाला बादली घेऊन पळवलं होतं.

पेटीत धूळ जाऊन सूर चिकटतो. मराठवाड्याच्या रस्त्यांवर प्रवास करायचा तर पेटीला सुती कापडाची घट्ट खोळ शिवून घ्या.

वीज गेली तर?

पेटी आणि ढोलकी चालू ठेवा. बॅटऱ्या प्रेक्षकच काढतात.

वीज असण्याचा त्रास जास्त असतो. जनरेटरवर किंवा अर्थिंग नसलेल्या प्लगवर की-बोर्ड लावला की स्पीकरमधून घूं असा आवाज येतो. की-बोर्ड आणि मिक्सरच्या मधे लावायची डबी, म्हणजे डीआय बॉक्स, जवळ ठेवा, त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून बघा. स्वतःचा एक्स्टेंशन बोर्ड न्या, त्यावर रंगाने नाव लिहा. मंडपवाल्याच्या बोर्डावर आधीच फवारणीवाला पंखा आणि पाहुण्यांचा कूलर लावलेला असतो.

उघड्यावर कार्यक्रम असेल तर घड्याळ बघा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले मोजके दिवस सरकार ही वेळ वाढवून देतं. गावाकडे पाहुण्यांची भाषणंच नऊपर्यंत चालतात. नाटक आधी, सत्कार नंतर, हे पत्रातच लिहून घ्या.

पैसे किती मिळतात?

आकडा लिहीत नाही. गावच्या जत्रेचा आणि वाळूजच्या कंपनीतल्या वार्षिक समारंभाचा आकडा एक नसतो. कसं मागायचं ते सांगतो.

तालमीचे वेगळे, नाईटचे, म्हणजे प्रयोगाचे, वेगळे, प्रवासाचे आणि वाद्यं नेण्याचे वेगळे. एक ठोक आकडा सांगितला की तालमी वाढत जातात आणि पैसे तेवढेच राहतात. हौशी संस्थेचा पैसा वर्गणीतून येतो हे मला कळतं, म्हणून तिथे मी तालमीचे सोडतो, पण प्रवास आणि नाईट सोडत नाही. "आपलंच नाटक आहे दादा" हे वाक्य ऐकलं की आकडा आधी, चहा नंतर. एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाचे पैसे मला अजून यायचेत. प्राचार्य बदलले, नवे म्हणतात फाइलच नाही. तेव्हापासून व्हॉट्सअॅपवर का होईना, लिहून घेतो.

कंपन्या आणि मोठ्या संस्था मानधनातून टीडीएस कापतात. पॅन द्या आणि विवरणपत्र भरा. उत्पन्न कमी असेल तर कापलेले पैसे परत मिळतात. शासकीय योजनांच्या प्रचारासाठी जिल्हा माहिती कार्यालय लोककला पथकांची निवड यादी करतं, तिच्याकडे लक्ष ठेवा. घरात कोणी जुने कलावंत असतील तर राज्य शासनाच्या ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन योजनेसाठी पंचायत समितीत चौकशी करा. महिना ५,००० रुपये मिळतात. अर्ज करायचा राहून गेल्याने वंचित असलेले ढोलकीवाले प्रत्येक तालुक्यात सापडतील.

वर्षभर काम असतं का?

नसतं. गणपती ते नवरात्र दम खायला वेळ नाही. मग राज्य नाट्य, एकांकिका, डिसेंबरपासून शाळा-महाविद्यालयांची स्नेहसंमेलनं. चैत्रात जत्रा, मे महिन्यात बालनाट्य शिबिरं. मृगाला गाव पेरणीत अडकलं की सगळं ठप्प. त्यात पाऊस हुकला तर पुढचं सगळं वर्ष हुकतं. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. तशा वर्षी वर्गणी मागायला कोण जाणार आणि जत्रेत नाटक कोण ठेवणार? पाऊस बघून पुढच्या हंगामाचा अंदाज बांधणारा मी एकटाच वादक नाही. म्हणून शिकवण्या ठेवा. माझं घर शिकवण्यांवर चालतं, नाटक त्यावर चालतं.

सिनेमातलं गाणं नाटकात वापरलं तर चालतं का?

फुकट चालत नाही. कॉपीराइट कायदा १९५७ चा. गीतकार-संगीतकाराचा हक्क मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत राहतो. रेकॉर्डिंगचा हक्क पुन्हा वेगळा. जाहीर प्रयोगाला आयपीआरएससारख्या, गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांकडून परवाना घ्यावा लागतो. शिक्षणसंस्थेत विद्यार्थ्यांनीच, विद्यार्थी-शिक्षक-पालकांपुढे केलं तर सवलत आहे. तिकीट लावून बाहेर केलंत की संपली.

आपल्याकडे यावर सोपी वाट आहे. नामदेव नरसीचे, जनाबाई गंगाखेडच्या, एकनाथ पैठणचे. त्यांचे शब्द सगळ्यांचे आहेत. फक्त चाल स्वतःची करा; रेडिओवर ऐकलेली चाल कुणाची तरी असते.

इम्प्रोव्हला संहिताच नाही, मग परवानगीचं काय?

लिखित नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. उत्स्फूर्त प्रयोगाच्या बाबतीत तिकीट लावण्याआधी नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाला आणि मंडळाला लेखी विचारा, तोंडी उत्तरावर बसू नका.

शिकायचं कुठे?

शास्त्रीय संगीताची विशारद परीक्षा जरूर द्या, पण त्याने नाटकाचं काम येणार नाही. संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचं ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे. प्रवेश मिळाला नाही तरी तिथल्या मुलांच्या निर्मितीला वादक लागतातच. जाऊन उभे राहा. बाकी शाळा म्हणजे गावातलं भजनी मंडळ. एकादशीला रात्रभर बसा. बुवा कोणता अभंग कोणत्या चालीत उचलतील याचा पत्ता नसतो आणि पेटीवाल्याला पहिल्या शब्दात तो पकडावा लागतो.

घरचे म्हणतात, "नाटकात वाजवणाऱ्याला पोरगी कोण देतं?"

खरंय त्यांचं, स्थळ बघताना विचारतातच. शिकवणीच्या वर्गाची पाटी लावा, पाटी बघून सोयरे निवांत होतात.

मुलींनी ढोलकी वाजवली तर लोक काय म्हणतात?

पहिली पाच मिनिटं म्हणतात. रात्रीच्या परतीची सोय मात्र आयोजकाकडून आधी ठरवून घ्या, आणि ते प्रत्येक वादकाला लागू आहे.

पुण्या-मुंबईला जावं का?

दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी आणि नाटककार प्रशांत दळवी इथूनच गेले. त्यांची "जिगीषा" ही नाट्यसंस्था आमच्या औरंगाबादची, आता संभाजीनगरची. गेले म्हणजे इथलं सगळं सोडून गेले असं नाही, इथे तालमीत घासून झालं आणि मग गेले. तसं जायचं तर जा. पाच-सहा नाटकं वाचनापासून केलेली हवीत, दोन प्रकारचे तुकडे रेकॉर्ड केलेले हवेत, आणि चार महिन्यांचं घरभाडं हातात हवं. नुसतं "तिथे स्कोप आहे" म्हणून देवगिरी एक्स्प्रेस धरलेले बरेच जण पुढच्या गणपतीला परत आलेत, आणि त्यात कमीपणा काही नाही. गणपतीत इथे वादक मिळत नाहीत. जाल तेव्हा ढोलकी घेऊन जा, पेटी तिथे भाड्याने मिळते. आणि राज्य नाट्यच्या दिवसांत रजा काढता आली तर आधी कळवा, वाचन कधी आहे ते सांगतो.